शालिग्रामभाऊंनी पाडलेला उजेड

शालिग्रामभाऊंच्या पत्त्यात उजेडाला तोटा नाही. नोकरी वीज केंद्रात, राहणं दीपनगरला आणि बायकोचं नाव दिपमाला. तरीही या माणसाने जन्मात काय उजेड पाडला, हा प्रश्न त्यांचे वडील पुनाआबा गेली चाळीस वर्षं विचारताहेत आणि भाऊंना त्याचं उत्तर देता आलेलं नाही. मी भूपेंद्र, भाऊंचा शेजारी आणि त्यांच्याच खात्यातला. हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय, की आता तो मलाच विचारल्यासारखा वाटतो.

सुरुवात दहावीच्या गणितापासून झाली. निकालाचा कागद उलटा धरून आबा म्हणाले होते, ''काय उजेड पाडा रे?'' पुढे भाऊ वीज केंद्रात चिकटले, तेव्हा आबांनी गावभर पेढे वाटले. आता उजेड पडल्यावाचून राहत नाही, अशी त्यांची खात्री झाली. मग कोणीतरी त्यांना सांगितलं की पोरगा राखेच्या खात्यात आहे. कोळसा जळतो, वीज तारांतून निघून जाते आणि मागे जी राख उरते तिची विल्हेवाट आम्ही लावतो. कामाची लाज वाटावी असं त्यात काही नाही, पण आबांना कोण समजावणार? ''बठ्ठास्ले उजेड, नि आपला पोऱ्या राखमा,'' म्हणजे सगळ्यांना उजेड आणि आपला पोरगा राखेत, असं ते पाराजवळ येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

आबांचं गाव शिंदखेड्याच्या बाजूला. तिथली लाइट गेली की आबा फोन करतात. तक्रार केंद्राला नाही, मुलाला.

''शालिग्राम, लाइट गई. काय करी राहिना तू?''

''आबा, आम्ही फक्त तयार करतो. गावात पोचवणारे वेगळे असतात.''

''मंग तू तठे कसाले बठेल शे?''

सत्तावीस वर्षांत भाऊंनी हे स्पष्टीकरण किती वेळा दिलं असेल, देव जाणे. आधी ते वीज कशी वाहते इथपासून सांगायचे. हल्ली नुसतं ''बघतो'' म्हणतात.

गेल्या वर्षी भाऊंनी गाडी घेतली. दुसऱ्या हाताची, पण गाडी म्हणजे गाडी. पहिल्याच फेरीला आबांना धुळ्याला डोळे दाखवायला नेलं. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढून झाला होता. दुसऱ्याचं डॉक्टरांनी खरं काय ते भाऊंना बाहेर बोलावून सांगितलं, की त्या डोळ्याची आशा धरू नका. परतताना तिन्हीसांजेला आबांची चुन्याची डबी सीटखाली पडली. छतातला दिवा लावला, तर तो असा पिवळा नि मिणमिणता की डबी सोडा, सीटही धड दिसेना. आबा चाचपडत राहिले. मग हात झटकून म्हणाले, ''दीपनगरनी गाडी, नि मझार अंधार.'' मझार म्हणजे आत.

हे भाऊंच्या जिव्हारी लागलं. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत थोडाफार उजेड आहे तोवर त्याच्या तोंडून एकदा ''उजेड पाडा'', म्हणजे पाडला, असं सरळ अर्थाने ऐकायचं, हे त्यांनी मनावर घेतलं. मला त्यांनी तसं बोलून दाखवलं, आणि मी हसलो नाही, हे इथे नोंदवून ठेवतो.

त्यानंतर अकरा दिवस भाऊ मोबाईलवर गाडीतल्या दिव्यांचे व्हिडिओ पाहत होते. जेवताना, चहा घेताना, एकदा तर साहेबांच्या बैठकीत, आवाज बंद करून. बाराव्या दिवशी त्यांच्या तोंडी नवी भाषा आली. ''भूपेंद्र, साडेचार हजार केल्विन म्हणजे मिळमिळीत. आपल्याला सहा हजार पाहिजे. दुधासारखा पांढरा.'' जळगावला श्रेयांसच्या दुकानातून त्यांनी पाच एलईडी आणले: छताला दोन, दारांना दोन, डिकीला एक. श्रेयांस दहा मिनिटांत बसवून देत होता. पण भाऊंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने पेचकस परत खिशात ठेवला. ''सत्तावीस वर्षं वीज केंद्रात आहे मी,'' भाऊ म्हणाले. कोणत्या खात्यात, ते श्रेयांसने विचारलं नाही. मारवाड्याचं पोरगं, गिऱ्हाईक राखायचं कळतं त्याला.

रविवारी सकाळी गाडीला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला आणि कामाला सुरुवात झाली. मी टॉर्च धरायला होतो. सकाळी दहा वाजता टॉर्च कशाला, हे विचारायची सोय नव्हती. छतातल्या दिव्याचं झाकण काढताना त्याचा एक कान तुटला. आतला जुना बल्ब काढला, त्या जागी नवा बसवला, बटण दाबलं. काही नाही. दुसरा लावला. तोही मुका. भाऊंनी फ्यूज तपासले, मीटर लावला, बॅटरीची तोंडं घासली आणि शेवटी निकाल दिला, की माल खराब आहे. लगेच श्रेयांसला फोन.

''काका, उलटा करून बघा ना,'' तो अदबीने म्हणाला.

''काय उलटं करू? मला शिकवतो?'' भाऊंनी फोन आपटला.

तेवढ्यात दिपमालावहिनी चहा घेऊन आल्या. त्यांनी कपबशी बॉनेटवर ठेवली, आत वाकल्या, एलईडी काढला, त्याची टोकं फिरवली आणि परत खोचला. गाडी लख्ख उजळली. या दिव्यांना अधिक-उणे असतं, एवढीच गोष्ट होती. व्हिडिओत सांगितलं असणार, पण भाऊ तोवर केल्विनवर पोचलेले होते.

''जुना बरा होता,'' वहिनी कप उचलत म्हणाल्या. ''कसाही लावला तरी बिचारा जळायचा. त्याची किंमत नाही केली तुम्ही.''

भाऊंना वाटलं, वहिनी बल्बबद्दल बोलताहेत.

पुढचा आठवडा कॉलनीवर कठीण गेला. संध्याकाळ झाली की भाऊ कोणाला ना कोणाला गाडीत बसवत आणि दिवा लावत. त्या उजेडात सगळंच दिसायचं. सीटच्या फटीतले शेंगदाण्याची टरफलं दिसली, आधीच्या मालकाच्या घरी कोणाला गाडी लागायची तेही दिसलं. माझ्या केसांना मी मेंदी लावतो ही गोष्ट आमच्या हिच्याखेरीज कोणाला माहीत नव्हती. ती कॉलनीला कळली. एकदा भाऊंनी दिवा चालू ठेवूनच गाडी चालवली, लोकांना दिसावं म्हणून. लोकांना भाऊ छान दिसले. भाऊंना बाहेरचं काहीच दिसलं नाही आणि गाडी फाटकाजवळच्या पिंपाला जाऊन टेकली.

मग तो शनिवार उजाडला. आबांना पुन्हा धुळ्याला, डॉक्टरांच्या रात्रीच्या वेळेला न्यायचं म्हणून आम्ही अमळनेरमार्गे गावी निघालो. मला का नेलं? साक्षीदार हवा होता. भाऊंनी नेहमीसारखा पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला होता, मनगटाची बटणं लावून. कॉलनीत हा माणूस बनियनवर फिरतो, पण गावी जाताना कडक उन्हाळ्यातही बाह्या खाली. त्याचं कारण आमच्या खात्यात सगळ्यांना ठाऊक आहे. गावात कोणालाच नाही.

पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. भाऊंनी आबांना हाताला धरून पुढच्या सीटवर बसवलं, स्वतः शेजारी बसले, मी मागे. भाऊ घसा खाकरून आता दिवा लावणार, इतक्यात गावाची लाइट गेली.

आबांनी क्षणाचाही विचार केला नाही. खिशातून फोन काढला आणि बटण दाबलं. शेजारीच बसलेल्या भाऊंच्या खिशात रिंग वाजली. भाऊंनी फोन उचलला. दुसरं काय करणार?

''शालिग्राम, लाइट गई.''

''बघतो, आबा,'' भाऊ म्हणाले आणि वर हात करून त्यांनी दिवा लावला.

अख्ख्या गल्लीत तेवढाच उजेड. शेजारची सुगंधाबाई निवडायच्या धान्याचं सूप घेऊन गाडीच्या दाराशीच बसली. ''उजेड पाडा बरं शालिग्रामनी,'' ती म्हणाली. भाऊंनी तिच्याकडे पाहिलंही नाही. त्यांना ते दुसऱ्या तोंडून हवं होतं. ते आबांकडे पाहत होते, हात अजून दिव्यापाशीच वर धरलेला.

आबांचा एकच डोळा चांगला, पण त्या उजेडाला तो पुरेसा होता. ते छताकडे बघत नव्हते. वर धरलेल्या हाताच्या मनगटाचं बटण निघून बाही खाली घसरली होती. मनगटापासून कोपरापर्यंतची कातडी आक्रसलेली, गुलाबी, चकचकीत. आबांनी तिच्यावर बोट ठेवलं.

''हाऊ डाग कसाना शे?''

''जुना शे, आबा. तेल उडनं व्हतं.''

मला गप्प बसता आलं असतं. पण सात वर्षं मी हे पोटात ठेवलं होतं आणि मला दोघांचाही राग आलेला होता. मी म्हणालो, ''तेल नाही, आबा. राखेची गरम नळी. फोन घ्यायला यांनी हातमोजा काढला आणि बोलता बोलता हात टेकला.''

''कोना फोन?''

मी आबांच्या हातातल्या फोनकडे पाहिलं. सुगंधाबाईचं सूप थांबलं.

आबांनी हात हळूच धरून खाली आणला, बाही ओढली आणि बटण लावायला लागले. एका डोळ्याने काज सापडेना. शेवटी लागलं. मग म्हणाले, ''बंद कर ते. बॅटरी उतरी.''

भाऊंनी दिवा बंद केला. अंधारात आम्ही धुळ्याच्या रस्त्याला लागलो. मला वाटलं, मी सगळ्याची माती केली. भाऊंना त्यांचं वाक्य मिळालं नाही ते नाहीच.

पंधरा दिवसांनी आम्ही दोघे कामावर असताना भाऊंचा फोन वाजला. भाऊंनी आधी नळीपासून चार पावलं दूर जाऊन हातमोजा काढला. सात वर्षांत एवढं शिकलेत. फोन कानाला लावला. आबांचा आवाज मोठा, मला शेजारी उभ्या उभ्या ऐकू आला.

''शालिग्राम, हात मोकळा शे का तुन्हा?''

भाऊंनी काढलेल्या हातमोज्याकडे पाहिलं.

''मोकळा शे, आबा. बोला.''

''मंग ठीक. लाइट गई.''