'काऊन' म्हटलं की विचार अशुद्ध होतो?

बुलढाण्याच्या कॉलेजातली ती दुपार आठवली की आजही माझं डोकं फिरतं. महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. बी.ए.ला तत्त्वज्ञान घेतलेल्या मुली दोनच... मी आणि सुमन.

सुमन सोनाळ्याची, मामाकडे राहून शिकायची. अमरावतीच्या वादविवाद स्पर्धेला निवड झाली तर बी.ए. पूर्ण कर, नाहीतर आलेलं स्थळ पक्कं करतो, असं वडिलांनी तिला बजावलं होतं.

त्या दुपारी वर्गातच निवड होती. विषय, तत्त्वज्ञानात वस्तुनिष्ठता खरंच असते का? सर पुण्याहून आलेले. विद्वान माणूस, ते मी नाकारत नाही. वर्षभर त्यांनी आमच्याकडून एकच घोकून घेतलं होतं... बोलणारा कोण ते पाहू नका, विचार पाहा. ऐकायला किती छान वाटायचं हो!

सुमन उठली. "सर, पाहणाऱ्याले काऊन वगळाचं? तो नसला तं पाह्यलं कोनं?"

आणि वर्ग हसला. विचाराला नाही, 'काऊन'ला! हसणारे तरी कुठले... दुसरबीडपासून सोनाळ्यापर्यंतच्या गावांतले, इकडचेच सगळे, घरी दिवसभर 'काऊन काऊन' करणारे. सरही गालात हसले. म्हणाले, "आधी भाषा शुद्ध करून या बाई, मग तत्त्वज्ञान बोलू."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझी आई पुण्याकडची, त्यामुळे आमच्या घरी 'मला-तुला' चालायचं. मी मुद्दाम उठले आणि सुमनचंच बोलणं पुन्हा म्हटलं. "सर, पाहणाऱ्याला का वगळायचं? तो नसेल तर पाहिलं कोणी?"

सर खुर्चीतून उठलेच. "वा! मुळालाच हात घातलात. अमरावतीला तुम्हीच जायचं."

मी म्हटलं, सर, हे सुमनचं आहे. आत्ताच तर ऐकलंत तुम्ही. सरांचा चेहरा खर्रकन उतरला. तेवढ्यात सुमन परत उभी राहिली. मला वाटलं रडणार, पण नाही.

"सर, मंग माह्यंच खरं ठरलं ना. ऐकणाऱ्यालेबी वगळता येत नाही."

सरांनी उद्धटपणा चालणार नाही म्हणून आम्हा दोघींना खाली बसवलं. आणि निवडलं कोणाला, तर ज्याने त्या दिवशी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं अशा एका मुलाला!

उन्हाळ्यात सुमनचं लग्न झालं. सर आहेर घेऊन आले होते. पंगतीत शेजारच्याला सांगत होते, "अगदी तटस्थपणे सांगतो, मुलगी हुशार होती." होती म्हणे! मी ताटावरून उठले.

इतकी वर्षं झाली, राग काही गेला नाही... जाऊही नये. सुमन, तो वाद तू जिंकली होतीस, हे मी इथे चारचौघांत लिहून ठेवते. विचार कसा करायचा ते मला तुझ्याकडून कळलं, त्याबद्दल थँक्यू गं. आणि कोणी विचारायच्या आत सांगते, यातली एक ओळही मी तटस्थपणे लिहिलेली नाही.