ताईचं थांबणं

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी गॅसवर भात ठेवला होता. भाचा एवढंच म्हणाला, "मावशी, आई नाही राह्यली." गॅस बंद करायचं सुचलंच नाही, सगळा भात करपला... सव्वा महिना झाला. चौथी शिकलेली मी, चारचौघांत बोलायचं म्हटलं की जीभ अडते. म्हणून माझ्या मुलीच्या, पूजाच्या जुन्या वहीत लिहिते आहे.

माझी थोरली बहीण शांताताई खैरलांजीकडच्या गावात राहायची. तिला बोलायची भारी हौस, असं सगळे म्हणायचे. नळावरून घरी यायला तिला अर्धा तास लागे. प्रत्येक दारात हंडा टेकवून उभी राहायची, "काय वं, काय शिजवून राह्यली?" शेताच्या वाटेवर मध्येच थांबून दुसऱ्याच्या भाताच्या बांधीकडे बोट दाखवायची, "पाह्य, धान किती दाट हाय." मी चिडायचे. "तुह्यासंग निघालं का सकाळची संध्याकाळ होते," म्हणायचे. ती हसायची. हसताना हात छातीवर ठेवायची, ते मी पाहिलं होतं. पण विचारलं नाही.

पायांवर सूज आली तेव्हा तिला दवाखान्यात नेलं. हिमोग्लोबिन चारच निघालं. डॉक्टर भाच्याला म्हणाले, हे आजचं नाही, कित्येक वर्षांचं आहे, हृदय थकून गेलंय. तेव्हा कुठे मला समजलं. ताई गप्पांसाठी थांबत नव्हती. ती प्रश्न विचारायची, म्हणजे समोरच्यानं बोलावं आणि तिनं तोवर श्वास घ्यावा...

पूजा पोलीस भरतीसाठी रोज सकाळी मैदानावर धावते. ताईच्या तेरवीनंतर एकदा मी तिच्यासोबत गेले. तिला दोन फेऱ्या एका दमात पुऱ्या करायच्या होत्या. पहिली चांगली गेली. दुसरीत ती वाकली आणि बुटाची लेस बांधू लागली. थोडी धावली, पुन्हा लेस. तिचे सर ओरडले, "अरे, गाँठ ठीक से बाँध ले!" मुली हसल्या. मी जवळ गेले. गाठ पक्की होती. तिची बोटं नुसतीच फिरत होती.

सरांसमोर मी कधी तोंड उघडलं नव्हतं. कसंबसं म्हटलं, "सर, हिले घरी नेतो."

पूजा दबक्या आवाजात म्हणाली, "आई, महिन्यावर भरती आली. काहून तमाशा करून राह्यली?"

"रक्त तपासल्याबिगर धावायचं नाही."

तिचं हिमोग्लोबिन साडेसात निघालं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "छातीत घेतलेली हवा पायांपर्यंत रक्तच पोचवतं. रक्तच कमी असेल तर कितीही सराव कर, दम तुटणारच. हृदयावर ताण पडेल तो वेगळा. सध्या दौड बंद." मग पाळीत किती जातं ते विचारलं. पूजानं मान खाली घालून सांगितलं. आई असून मला ते माहीत नव्हतं.

गोळ्या चालू आहेत. भरती हातची जाणार म्हणून ती माझ्याशी धड बोलत नाही. सकाळी दार वाजलं की मी उठून तिचे बूट जागेवर आहेत का पाहते, लपून धावायला तर नाही गेली...

काल बाजारातून येताना पुलाचा चढ लागला. पूजा मागे राहिली. मी वळून पाहिलं नाही. पाहिलं तर ती मोबाईल काढेल, उगाच काहीतरी दाखवेल, अशी भीती वाटली. तेवढ्यात मागून आवाज आला, "आई, थांब. दम लागून राह्यला मले."

एवढं वाक्य ताईनं उभ्या जन्मात उच्चारलं नाही. मी पिशवी खाली ठेवली. आम्ही दोघी कठड्याला टेकून उभ्या राहिलो, तिचा श्वास खाली बसेपर्यंत.