पीक गेलं, वर घे

आधीच माफी मागतो. इथे लिहिणारी माणसं माझ्यापेक्षा खूप शिकलेली असतात. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय फिजिक्स. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मीच पहिला. परीक्षेच्या पेपरशिवाय एवढं लांब मी कधी लिहिलेलं नाही, त्यामुळे चुकलं तर सांभाळून घ्या. आणि दुसरं असं की माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. गावात कोणी संकेत, चाहूल वगैरे बोलायला लागलं की मीच त्याला शास्त्रीय कारण सांगायला बसायचो. म्हणून हे लिहिताना जास्तच संकोच वाटतो आहे.

माझं गाव उंद्री, तालुका चिखली. कॉलेज बुलढाण्याला, तिथेच खोली करून राहतो. यंदा प्रोजेक्टमध्ये माझा जोडीदार समीर होता. तो चिखलीचा, त्याच्या अब्बांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे.

प्रोजेक्ट काय होता ते थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. शाळेत आपण नादकाटा पाहिलेला असतो... तसाच एक अगदी बारीक, तांदळाच्या दाण्याएवढा नादकाटा सेलच्या घड्याळात असतो. क्वार्ट्झचा. सगळे त्याला क्रिस्टल म्हणतात. त्याला वीज दिली की तो थरथरतो, पण एका ठरावीक फ्रिक्वेन्सीलाच जोरात थरथरतो. सेकंदाला बत्तीस हजारांच्या वर. कानाला ऐकू येत नाही, डोळ्याला दिसत नाही. आम्ही सर्किट बनवून ती फ्रिक्वेन्सी मोजत होतो. जनरेटरची फ्रिक्वेन्सी हळूहळू वाढवायची, क्रिस्टलमधून येणारा नखभर करंट मोठा करायचा आणि कॉम्प्युटरवर आलेख पाहायचा. नेमक्या जागी आलेख एकदम सुळक्यासारखा वर जातो. त्याला म्हणायचं पीक.

या शब्दाने घरी मोठी गंमत झाली होती. पहिल्यांदा सर्किट चाललं तेव्हा मी आनंदाने बाबांना फोन केला, "बाबा, आज आमचं पीक आलं!"

बाबा म्हणाले, "आमच्या मिरच्या अजून फुलावर हायेत, अन् तुह्यं आलं बी? भाव काय भेटला?"

मागून आई हसत होती. मी समजावून सांगायचा प्रयत्न केला, पण त्यांच्यासाठी पीक म्हणजे पीकच.

क्रिस्टल समीरच्या अब्बांनी भंगारातून काढून दिले होते. एक मात्र मी घरून आणलेला होता — बाबांच्या बंद पडलेल्या घड्याळातला. बाबांनी ते घड्याळ कित्येक वर्षं हातातून काढलं नव्हतं. निंदण, फवारणी, सगळं ते घालूनच. आम्ही सगळ्या क्रिस्टलांवरची धातूची टोपी कापून आतला काटा उघडा केला होता. उघड्या काट्यावर धुळीचा कण जरी बसला तरी त्याची फ्रिक्वेन्सी थोडी खाली येते, आणि तेच आम्हाला मोजायचं होतं.

त्याच दिवसांत घरी विहीर खोल करायचं काम चाललं होतं. सुरुंग उडवून झाले होते आणि क्रेनने मलबा वर काढणं सुरू होतं. सुरुंगाने एका अंगाची कड फाटली होती. मागच्या रविवारी मी स्वतः ती भेग पाहिली होती, हात जाईल एवढी. दुपारी क्रेनवाले जेवायला बसले की बाबा एकटे खाली बसून राहायचे... कुठे ओल दिसते का पाहत, दगडांना हात लावत. मला तीच धास्ती होती. प्रत्येक फोनवर मी तेच सांगायचो.

"बाबा, ती कड बसली तर? तुम्ही काऊन उतरता?"

"अन् मजूर उतरते ते लोखंडाचे हायेत काय? अभ्यास कर तू."

आता मूळ गोष्ट. दुपारी लॅबमध्ये एक विचित्र प्रकार व्हायला लागला. एकाच बोर्डवर सहा क्रिस्टल होते. बाकीचे पाच जागच्या जागी. बाबांच्या घड्याळातल्या क्रिस्टलचं पीक मात्र दुपारी खाली सरकायचं आणि नंतर आपोआप परत यायचं. आम्ही वायर बदलल्या, सोल्डरिंग नव्याने केलं, त्याची जागा बदलून पाहिली. उन्हाने होत असेल म्हणावं, तर ऊन सगळ्यांनाच होतं. मग गावच्या बाजाराचा दिवस आला, आणि त्या दिवशी पीक जागेवरून हललंच नाही.

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "आज आमच्या इकडं बाजार हाय. विहिरीचं काम बंद असते."

समीर म्हणाला, "तुह्या बाबाच्या विहिरीचा अन् याचा काय संबंध बे?"

"काहीच नाही."

"मग बोलला काऊन?"

आम्ही दोघं हसलो, पण ते हसणं काही खरं नव्हतं.

त्यानंतरच्या एका दुपारची ही गोष्ट. समीर गेनच्या, म्हणजे तो करंट किती मोठा करायचा ते ठरवणाऱ्या, नॉबवर होता, मी स्क्रीनसमोर. तेवढ्यात आईचा फोन आला, या रविवारी येतो का विचारायला. ती शेतातूनच बोलत होती. मागे वारा ऐकू येत होता. मी बाबांचं विचारलं.

"खालीच हायेत. जेवा म्हटलं तं म्हणते, ओल लागून राह्यली, थांब थोडं."

मी काही बोलणार, एवढ्यात स्क्रीनवर ते पीक खाली सरकायला लागलं. नेहमीसारखं थोडं नाही. सरकतच गेलं. सरकता सरकता बसकं झालं, पसरलं, आणि आलेख जमिनीसारखा सपाट झाला. बाकीची पाच पिकं तशीच उभी. फोन माझ्या कानालाच होता आणि मी ओरडलो,

"गेलं! पीक गेलं! वर घे... वर घे लवकर, पुरं वर घे!"

हे मी समीरला म्हणत होतो, गेन वर घे म्हणून. आई पलीकडून "काय म्हणतो रे? संतोष? कोणाले..." म्हणाली आणि फोन कटला.

समीरने गेन पूर्ण वर नेला. खूप खाली, हजारो हर्ट्झ खाली, एक पसरट उंचवटा दिसला. तेवढ्यात आमचे सर आत आले. वाकून पाहिलं आणि म्हणाले, "क्रिस्टल पाण्यात बुडवलास का? पाण्यात असा दिसतो तो."

मी बोर्ड हातात घेऊन दाखवला. कोरडा ठणठणीत. सरांनी बोट लावून पाहिलं, मग चष्मा काढून पाहिलं. म्हणाले, "मग सर्किटचा दोष असेल." आणि खुर्ची ओढून बसले. घरी जायला निघाले होते, पण गेले नाहीत.

मी आईला फोन लावला. लागला नाही. बाबांचा फोन आईकडेच असतो, तोही लागला नाही. सरांना काय सांगणार... माझ्या वडिलांच्या घड्याळाचा क्रिस्टल बुडाला आहे आणि वडील विहिरीत आहेत?

समीरच म्हणाला, "संत्या, तू जाय. बस पकड. मी बसतो इथं, यावर नजर ठेवतो. काही नसते रे, वायर-बियर हालली असन. पण तू जाय."

बस मिळाली. सारखे फोन लावत होतो. खिडकीतून काय दिसलं, आठवत नाही. शेजारी एक आजोबा होते, ते दोनदा म्हणाले, "बाळा, पाणी पे." चिखली जवळ आली तेव्हा समीरचा फोन आला. घरचा असेल म्हणून मी दचकून उचलला.

"संत्या, वापस आलं बे."

"काय?"

"पीक. आपोआप. हात नाही लावला, कसम से. जागच्या जागी उभं हाय." मग म्हणाला, "हे चांगलं हाय का वाईट?"

ते का झालं, आजही सांगता येत नाही. सरांनी नंतर तो बोर्ड पुन्हा पुन्हा तपासला, दोष सापडला नाही. त्यानंतर ते पीक एकदाही हललेलं नाही. दमटपणा, सैल जोड, योगायोग... सगळी कारणं मी स्वतःला सांगून पाहिली आहेत, दुसऱ्यांना सांगायचो तशीच. एकही पटत नाही. वाचकांपैकी कोणाला काही सुचलं तर जरूर कळवा. मी फक्त त्या दिवशी शेवटी आलेली बातमी सांगतो आणि थांबतो.

चिखलीच्या स्टँडवर उतरलो, उंद्रीची बस लागायची होती. तिथे बाबांच्या नंबरवरून फोन आला. पलीकडे खूप माणसांचा आवाज होता. मला वाटलं आता कोणीतरी तिसराच बोलेल.

"संतोष? ऐकू येते का?" बाबाच होते. ओरडून बोलत होते. "काय सांगतलं रे तू तुह्या मायले? बोंबलत आली इथं... पीक गेलं म्हणते, संतोष म्हणते वर घे! क्रेनवाल्याले जेवणावरून उठवलं, त्याचा हात खरकटा. मले वर घेतल्याबिगर ऐकेच ना. वर येऊन तिले दोन शब्द सुनावून राह्यलो होतो, तं मांगं धडाम! पुरी कड बसली. अन् तिच्याखालून पाणी... लोंढा रे, लोंढा! मी बसलो होतो ना, त्या दगडावर आता दीड पुरुष पाणी हाय. आपल्या विहिरीले पाणी लागलं, बाळा! चिखलीत असशील तं पेढे घेऊन ये."