पहिल्या नगाआधीच दहापैकी दहा

आमच्या प्रभागाच्या नव्या नगरसेवकांनी पदभार घेतल्यानंतरचा पहिलाच रविवार. इमारतीच्या टाकीत पाणी नव्हतं आणि टँकरचे अठराशे रुपये द्यायचे होते. सोसायटीच्या ऑफिसात चेअरमन, नगरसेवकांचा एक कार्यकर्ता, माझी बायको आणि मी असे चौघे होतो. लोकांना नगरसेवक साहेब किती पसंत आहेत, याचे गुण कार्यकर्ता मोबाइलवर गोळा करत होता. सगळ्या घरांनी पैकीच्या पैकी दिले, तर टँकर साहेबांकडून फुकट मिळणार होता.

"काका, सगळ्यांनी दहापैकी दहा दिलेत. तुमचेच राहिलेत."

"त्यांनी अजून काय केलंय?"

"आत्ताच तर आलेत. तुम्ही पण ना, राव!"

"मग दहा कशाचे?"

मी चाकणला एका कंपनीत तपासणीचं काम करतो. तिथे शिफ्टचा पहिला नग मापल्याशिवाय आम्ही पुढचा माल सुरू करू देत नाही. चांगलाच असेल असं समजून सही केली, की जेवणाच्या सुट्टीपर्यंत भंगाराचा ढीग लागतो. इथे तर पहिला नगच निघाला नव्हता.

"मग काय, शून्य टाकू?" त्याने टोमणा मारला.

"शून्यही नको. मोकळं ठेव. काहीतरी काम झालं की ये, तेव्हा गुण देईन."

चेअरमन वैतागले. "तुमच्या एका आकड्यापायी सगळी बिल्डिंग कोरडी राहील!"

"नाही राहणार," बायको म्हणाली आणि तिने पर्स उघडली.

दुपारी टँकर आला. त्याचे अठराशे रुपये आम्ही दोघांनी टँकरवाल्याच्या हातात दिले.