आमटीतली पाल

चौथा महिना होता. आधीचे दोन गर्भ पडलेले, म्हणून या वेळी मी कुणाला म्हणजे कुणाला सांगितलं नव्हतं. चाकणच्या कंपनीत गाड्यांच्या वायरी जोडायचं काम. कळलं असतं तर कंत्राटदाराने सरळ घरी बसवलं असतं.

संकष्टीला आम्ही लाइनवरच्या बायका उपासाचे डबे एकत्र खायचो. त्या दिवशी कोकणातल्या एकीने भगर आणि दाण्याची आमटी आणली. तिची जेवणाची सुट्टी आमच्यानंतर, म्हणून डबा आमच्या हवाली करून ती कामावर बसली. आम्ही ताव मारला. आमटी तळाला गेली तशी माझी परभणीची मैत्रीण डब्यात बघून थिजलीच. काहीतरी काळं, मऊ, फुगलेलं होतं.

"पाल हाय गं," ती म्हणाली.

मी वाकून पाहिलं. मलाही पालच दिसली, चांगली शेपटीसकट. एक ओकली, मग दुसरी, मग मी. आणि ओटीपोटात कळ आली. तीच कळ, दोनदा सोसलेली. कंपनीच्या गाडीतून आम्हाला पिंपरीला दवाखान्यात नेलं, तर रस्ताभर मी मांड्या आवळून बसले होते. असं धरून ठेवता येतं का कधी? पण दुसरं काय करणार होते मी?

डॉक्टरीणबाईंना पोटातलं सांगावंच लागलं. तेवढ्यात ती कोकणातली धापा टाकत डबा घेऊन आली. तिने तळातलं ते काळं बोटांनी उचललं आणि आमच्यासमोर चावून खाल्लं. आमसूल होतं ते. आम्ही मराठवाड्याच्या, आंबटाला चिंच घालणाऱ्या. आमटीत भिजलेलं आमसूल कधी बघितलंय?

सगळ्यांच्या ओकाऱ्या थांबल्या. माझी कळही नळ बंद केल्यासारखी थांबली. सोनोग्राफीत ठोके दिसले. बायका हसायला लागल्या.

मी मात्र डॉक्टरीणबाईंना हळूच विचारलं, "नुसत्या भीतीने एवढं होतं, तर मागची दोन...?"

"भीतीने कळ येते, ओकारी येते. मूल पडत नाही. तुम्ही काही केलेलं नाही."

मी मान हलवली. पण पुढचे सगळे महिने मी घाबरायलाच घाबरत होते. भिऊ नकोस, असं स्वतःला बजावायचे आणि त्यानेच छाती धडधडायची.

मुलगी झाली, धडधाकट. तिला जवळ घेतलं तेव्हा सगळे म्हणाले, आता तरी हस. मला आधीची दोन आठवत होती. खरंच मी काही केलं नव्हतं ना?