वेस्ता पाटलांचा अर्ज आणि तात्यासाहेबांची कुजबुज

"हं, सांगा त्यांना," म्हणून आमच्या पक्षाचे उमेदवार तात्यासाहेब खुर्चीत टेकले. मी उठलो. धडगावच्या बाजारात समोर डोंगरातली पावरा आदिवासी मंडळी बसली होती. त्यांच्या अर्ध्या तासाच्या भाषणात वेठीचं नावही निघालं नव्हतं.

मी कचेरीबाहेरचा अर्जनवीस. म्हणजे ज्याला लिहिता येत नाही, त्याचं म्हणणं कागदावर उतरवणारा. मूळचा रनाळ्याचा, घरची बोली अहिराणी. पण डोंगरात वर्षं काढून पावरी बोली चांगली जमली होती. म्हणून आमच्या पक्षाच्या सभांना दुभाषाही मीच. आमच्या धंद्यात एक नियम कडक. अंगठा घेण्याआधी अख्खा अर्ज माणसाला त्याच्या बोलीत ऐकवायचा आणि मगच खाली लिहायचं, 'वाचून दाखविले'. एक ओळ गाळली तरी ते खोटं ठरतं.

वेठ म्हणजे सक्तीची फुकट हमाली. रेस्ट हाउसवर साहेब आला किंवा जंगल-कॉन्ट्रॅक्टरचं सामान निघालं, की ऐन पेरणीत माणसं धरून न्यायचे. पावरा गावांच्या वतीने वेस्ता पाटलांनी मागच्या वर्षी होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारात माझ्याकडून त्याविरुद्ध अर्ज लिहून घेतला. तात्यासाहेबांनी तो सगळ्यांदेखत हातात घेतला. "वेठ बंद करीन, तेव्हाच मत मागायला येईन!" ते पावरीत सांगताना माझाच ऊर भरून आला होता. त्या शब्दावर गावं वर्षभर थांबली.

आता लोकल बोर्डाची निवडणूक तोंडावर आली होती, पेरणीही. आणि तात्यासाहेबांच्या शेजारच्या खुर्चीत तोच कॉन्ट्रॅक्टर बसला होता.

मी भाषण सांगून संपवलं. वेस्ता पाटील काठी टेकत उठले. "आमच्या अर्जाचं काय झालं? पेरणीआधी कळलं पाहिजे."

मी विचारलं. तात्यासाहेब खाकरले. "त्यांना सांगा, विषय विचाराधीन आहे." मग माझ्या कानाशी झुकून अहिराणीत म्हणाले, "सभाना खर्च या कॉन्ट्रॅक्टरना शे. वेठना विषय आते काढू नको. निवडणूक व्हई जाऊ दे."

"मंग यास्ले काय सांगू?"

"काहीबी गोड सांग. त्यास्ले काय समजस?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. या माणसासाठी मी गावोगाव पायपीट केली होती. दुभाषा मी पक्षाचा असेन, पण अर्ज माझ्या हातचा होता आणि त्यावर अंगठा वेस्ता पाटलांचा होता. मी दोन्ही उत्तरं पावरीत सांगितली. मोठ्याने दिलेलं आणि कानात दिलेलंही, शेवटच्या वाक्यासकट.

तात्यासाहेबांना पावरीचा गंध नव्हता. मी गोड बोलतोय असं समजून ते हात जोडून हसत राहिले. कॉन्ट्रॅक्टरला मात्र पावरी येत होती. तो ताडकन उठला.

वेस्ता पाटील चिडले नाहीत. "बरं झालं," म्हणाले. "आता वाट बघायला नको." ते निघाले, तसं सगळं मैदान त्यांच्यामागे निघालं.

"मन्हा शब्द चव्हाट्यावर मांडा तू?" कॉन्ट्रॅक्टरने काय झालं ते सांगताच तात्यासाहेब ओरडले.

"वाचून दाखवला, तात्यासाहेब," मी म्हणालो.

सपाटीवरच्या मतांवर ते निवडून आले. मला पक्षातून काढलं. वाईट वाटलं, पण झोप उडाली नाही.

पेरणीत रेस्ट हाउसवर साहेब आला. शिपाई गावभर फिरला, धमक्या दिल्या. एकही माणूस शेतातून हलला नाही. साहेबाचा बिछाना दोन दिवस घाटाखाली पडून राहिला. तिसऱ्या दिवशी शिपाई मजुरी कबूल करून गेला, तेव्हा कुठे तिघं आले. पुढे तोच रिवाज पडला.

माझ्या पेटीत त्या अर्जाची नक्कल होती. ती काढली आणि कचेरीतले लिहितात तसं कोपऱ्यात लिहिलं, 'निकाली'. पुढाऱ्याच्या होकारावर जो अर्ज वर्षभर अडला होता, तो त्याच्या नकाराने ऐन पेरणीत सुटला. नकार फक्त वेळेवर वाचून दाखवावा लागतो.