इन्क्युबेटरमधला बाप्तिस्मा

“अगं, मी हिंदू आहे,” मी सेलिनला म्हणाले. “मला कसं चालेल?”

“चालतं डॉक्टर. जीव धोक्यात असला की कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं. लग्नाआधीच्या क्लासमध्ये फादरनी सांगितलेलं.”

ठाण्यातल्या एका हॉस्पिटलात मी नवजात बाळांची डॉक्टर आहे. सेलिनचं सातव्या महिन्यातच सिझेरियन करावं लागलं. मुलगा ओंजळीत मावेल एवढा. फुप्फुसं कच्ची, म्हणून व्हेंटिलेटरवर, म्हणजे श्वास मशीन देणार. तरी बाळ निळं पडत होतं. काही सांगता येत नाही, हे सांगायला मी तिच्याकडे गेले होते. कमरेतल्या इंजेक्शनमुळे तिचे पाय अजून बधिर होते. नवरा फादरना घेऊन निघाला होता आणि घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकला होता. आमची एकुलती एक ख्रिस्ती नर्स रजेवर गेलेली.

रडारड, आरडाओरडा माझ्या सवयीचा. ही बाई मात्र मला शांतपणे काम समजावून देत होती.

“डोक्यावरून पाणी वाहिलं पाहिजे. आणि म्हणायचं, इमॅन्युएल, मी तुला पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा देते. आम्ही ज्या अर्थाने देतो, त्याच अर्थाने द्या. बस.”

“इमॅन्युएल म्हणजे?”

“देव आमच्याबरोबर.”

मला राहवलं नाही. “नाव सावकाश ठेव ना. आधी सावरू दे त्याला.” आमच्याकडे असंच असतं. बाराव्या दिवसाआधी बारसं नाही, आणि एवढ्या नाजूक बाळाचं नाव ठेवायला तर घरचे घाबरतातच. नाव ठेवलं की जीव गुंततो. आमच्या बोर्डावरही नुसतं ‘बेबी ऑफ सेलिन’.

“जगेल म्हणून नाव नाही ठेवत, डॉक्टर,” ती म्हणाली. “आला म्हणून ठेवते.”

मी आमच्या विभागाच्या हेड सरांना फोन लावला.

“हे आपलं काम आहे का?” ते कडाडले. “उद्या कुणी कंप्लेंट केली तर?”

“आईच सांगतेय, सर.”

“बरं,” सर म्हणाले. “पाणी कोमट घे. बाळ गार पडलं तर तुझी खैर नाही.”

अंगातली ऊब गेली की अशा बाळाचा श्वास आणखी बिघडतो. म्हणून निर्जंतुक पाणी कोमट करून सिरिंजमध्ये घेतलं. बाळाची टोपी सरकवली, दोन-चार थेंब टाळूवरून ओघळू दिले, शब्द म्हटले, लगेच टिपून टोपी घातली.

फादर पोचले तेव्हा मी ओशाळून म्हणाले, “मला जमलं तसं केलं. आता तुम्ही नीट करा.”

“नीटच झालंय,” ते म्हणाले. “बाप्तिस्मा एकदाच होतो. परत देत नाहीत.” त्यांनी फक्त प्रार्थना केली.

चमत्कार वगैरे झाला नाही. औषधं, मशीन आणि नर्सेसची मेहनत, यांच्या जोरावर इमॅन्युएल कणाकणाने वर आला आणि घरी गेला. पण तो जाण्याच्या आत आमचा अख्खा स्टाफ त्याला नावाने हाका मारत होता, हेड सरसुद्धा. आणि त्याच्या आईपुढे मी मनातल्या मनात कितीदा हात जोडले असतील!

आता नवीन बाळ आलं की मी आईला आधी विचारते, नाव काय? “अजून बारसं कुठे झालंय, डॉक्टर?” असंच बहुतेक जणी म्हणतात.

“घरी नका सांगू,” मी म्हणते. “माझ्या कानात सांगा.”

सांगतात.